चार नंबरची कॉट

आधीच सांगते, माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि खरं तर आजही नाही. आमचं घर बौद्ध. आजोबांनी धर्मांतर केलं तेव्हा देव्हाऱ्याबरोबर अंगात येणं, उतारे, नजर काढणं सगळंच घराबाहेर गेलं. वडील प्राथमिक शिक्षक होते. कुणी भुताचं नाव काढलं की ते शांतपणे विचारायचे, “पत्ता काय त्याचा?” त्यात मी सिस्टर. आमची डबा खायची खोली शवविच्छेदनाच्या खोलीला लागून आहे. पंधरा वर्षं तिथे बसून भाकरी खाल्लीय, एकदाही घशात अडकली नाही. त्यामुळे या ग्रुपवरचे पांढऱ्या साडीवालीचे अनुभव वाचून मी हसतच आलेय, राग मानू नका. पण माझ्या बाबतीत जे झालं ते कुणाला सांगितलं की लोक एकतर मला रजा घ्यायला सांगतात नाहीतर चहा मागवतात. म्हणून इथे लिहितेय. नावं सगळी बदलली आहेत.

नगर-पुणे रोडवर, सुप्यापासून फार लांब नाही, असं एक ग्रामीण रुग्णालय. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय.) गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हायवे, कारखाने आणि आसपासची गावं – त्यामुळे आमच्या कॅज्युअल्टीत अपघात, विषारी औषध घेतलेले, साप चावलेले आणि पिऊन पडलेले यांची कधी टंचाई नसते. खोली तशी लहान. एक, दोन, तीन नंबरच्या कॉट एका ओळीत. चौथी कॉट समोरच्या भिंतीला, दाराजवळ. तिच्यावर चादर नसते, नुसती रेक्झिनची गादी. ओकलं तर पाईपने धुता येते म्हणून.

चार नंबर पिणाऱ्यांची. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. पेशंट आत आला, वास आला की आमचे वॉर्डबॉय शिंदे मामा विचारतही नाहीत, स्ट्रेचर आपोआप तिकडे वळतं. एक सलाईन लावायची, कुशीवर झोपवायचं आणि उतरू द्यायची. चार-पाच तासांनी माणूस उठतो, चप्पल शोधतो, शिव्या देतो किंवा पाया पडतो आणि जातो.

हे मला गाडे सिस्टरांनी शिकवलं. मी नवी लागले तेव्हा त्या इनचार्ज होत्या. नर्सिंगच्या पुस्तकात दारूचा धडा मानसरोगाच्या भागात होता, चार-पाच पानांचा. परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरले. खरं शिक्षण कॅज्युअल्टीत झालं. गाडे सिस्टर म्हणायच्या, “साळवे, आधी नाकानं बघायचं. वास आला का? मग त्याच्या बोलण्यावर जायचं नाही. पिणाऱ्याला सगळंच दुखतं.” बाई वाईट नव्हत्या हो. एकदा एका पिणाऱ्याने सलाईनचा स्टँड घालून त्यांचं मनगट मोडलं होतं, ते शेवटपर्यंत नीट वळायचं नाही. पण म्हाताऱ्या पेशंटना त्या स्वतःच्या हाताने भरवायच्या. आणि माझ्या पहिल्या बाळंतपणात त्यांनी माझ्या सगळ्या ड्युट्या ओढल्या. अशा माणसाने शिकवलेलं डोक्यात जास्त घट्ट बसतं. त्या रिटायर झाल्या आणि ‘आधी नाकानं बघायचं’ हे मी माझ्या हाताखालच्या पूजा सिस्टरला शिकवलं, तिच्या आधीच्या दोघींनाही शिकवलं. अगदी त्यांच्याच आवाजात.

त्या घटनेच्या सहा-सात महिने आधी आम्हाला नगरला एक दिवसाच्या ट्रेनिंगला बोलावलं होतं. व्यसन करणाऱ्या रुग्णांशी कसं वागायचं, असा विषय. एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. चांगलं बोलल्या. वास आला की तपासणी सुरू झाली पाहिजे, तुमच्याकडे ती तिथेच संपते, असं काहीतरी म्हणाल्या. आम्हाला एकमेकींशी पेशंट-सिस्टर असं नाटकही करायला लावलं. मी पिणाऱ्याचं काम इतकं झकास केलं की टाळ्या पडल्या. येताना बसमध्ये आम्ही खिदळत होतो – मॅडमना आमच्या चार नंबरवर एक आठवडा बसवा म्हणावं, मग कळेल! ट्रेनिंगचं फलित काय, तर एक छापील फॉर्म आला. शुद्ध हरपलेल्या प्रत्येक पेशंटसाठी भरायचा: डोक्याला मार आहे का, नाडी, बीपी, साखर तपासली का, हो की नाही. आम्ही काय करायचो सांगते. सकाळी चहा पिता पिता दहा फॉर्मवर ‘हो’ च्या खुणा करून ठेवायचो. पेशंट आला की फक्त नाव टाकायचं. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप सुरू झालं. यात लपवण्यासारखं काही आहे असंही तेव्हा वाटत नव्हतं.

आता भानुदासचं सांगते. वय पंचेचाळीसच्या आसपास, सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत लोडिंगचं काम. आमच्याकडे सहा-सात वेळा येऊन गेलेला, म्हणजे चार नंबरचा नेहमीचा. पण मारकुटा नाही. उतरल्यावर लाजायचा. एकदा जाता जाता आमचा गळका नळ वायसर बदलून दुरुस्त करून गेला, कुणी सांगितलं नसताना. मला म्हणाला होता, “सिस्टर, मी पितो हे खरंय. पन तुमची सुई लई हलकी हाय.”

एप्रिल महिना, मंगळवार. सकाळी अकराला पाच-सात मिनिटं कमी असताना एका टेम्पोवाल्याने त्याला आणून टाकलं. रस्त्याच्या कडेला बसल्या बसल्या कलंडला म्हणे. वास येत होता. घामाने शर्ट पिळून काढावा इतका ओला होता. काहीतरी पुटपुटत होता, हात लावला की झटकत होता. मी म्हटलं, “काय भानुदास, आज सकाळी सकाळीच का?” शिंदे मामा हसले. मी त्याला सलाईन लावली, खुणा केलेल्या फॉर्मवर नाव टाकलं, कुशीवर वळवलं. घाम मी पाहिला होता हे इथे लिहून ठेवते. एप्रिलचं ऊन आणि दारू, असं मनात म्हटलेलंही आठवतंय.

तेवढ्यात हायवेवरून जीप आणि मोटरसायकलचा अपघात आला. मोटरसायकलवाल्याची मांडी फाटली होती, रक्त थांबेना. पूजा लेबर रूममध्ये अडकलेली. ड्युटीचे डॉक्टर ओपीडीतून धावत आले. त्याला दोन नंबरवर घेतलं आणि सर म्हणाले, “सिस्टर, दाबून धरा, अजिबात सोडू नका.” मी दोन्ही हातांनी, सगळं अंग टाकून ती मांडी दाबून धरली. चार नंबरकडे माझी पाठ. सर टाके घालत होते, मामा सामान देत होते, जखमीचा भाऊ डोक्याशी उभा राहून रडत होता. अकरा वाजल्यापासून साडेअकरापर्यंत माझे हात तिथून हलले नाहीत. हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलंय. सरांना विचारलंय, मामांना विचारलंय. दोघेही म्हणतात, तुम्ही जागच्या हलल्या नाहीत.

नंतर त्याला नगरला पाठवायची धावपळ, कागद, पोलिसांना कळवणं. सव्वाबारा वाजले असतील, भानुदासची बायको आली. मंगल. खुरपणीवरून तशीच आलेली, हातापायांना माती. दारातूनच म्हणाली, “सिस्टर, यांनी सकाळी काय खाल्लं न्हाई. साखरेची गोळी घिऊन तसंच गेल्ते.”

मी म्हटलं, “ताई, पिलेत ते. उतरली की उठतील.”

ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “पिले असतील. मी न्हाई म्हनत न्हाई. पन पिनाऱ्याला दुसरं काय हुतच न्हाई का?”

साखरेची गोळी चालू आहे हे मला माहीतच नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. उपाशीपोटी गोळी घेतली की साखर उतरते, तो घाम त्याचाच होता. धावत शुगरचं मशीन आणलं. बोट टोचायला त्याचा डावा हात उलटा केला, तर करंगळीशेजारच्या बोटावर कापसाचा बोळा आणि वर चिकटपट्टी. कुणीतरी आधीच टोचलं होतं. त्या क्षणी विचार करायला वेळ नव्हता. दुसरं बोट टोचलं. मशीनने आकडाही दाखवला नाही, ‘लो’ असं आलं – म्हणजे मोजता येणार नाही इतकी खाली. सरांना हाक मारली, ग्लुकोजची इंजेक्शनं एकामागून एक शिरेतून दिली. अशा पेशंटला ग्लुकोज दिलं की तो डोळ्यांदेखत उठून बसतो. मी कितीदा पाहिलंय. बसतो आणि विचारतो, मी कुठे आहे? साखर वर आली. भानुदास उठला नाही. डोळे उघडे, पण त्यांत तो नव्हता. मेंदूला फार वेळ साखर मिळाली नव्हती. मंगल त्याचे पाय चोळत होती आणि मी नुसती उभी होते. इतकं हतबल मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

त्याला नगरला हलवल्यावर मी हात धुतले आणि त्या कापसाचं आठवलं. कुणी टोचलं असेल? मामांना मशीन लावता येत नाही. पूजा लेबर रूममधून बाराच्या पुढे बाहेर आली. सर माझ्यासमोर होते. बाहेरची शिकाऊ मुलगी वगैरे त्या दिवशी कुणी नव्हतं. मी मशीनची मेमरी उघडली. वरचं रीडिंग माझं, ‘लो’, बारा वाजून एकवीस मिनिटं. त्याच्याखाली – एकोणतीस. अकरा वाजून बारा मिनिटं. त्याच्याखाली सकाळच्या एका बाईंचं, दोनशेच्या वर. मशीनचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी आणि मोबाईलशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. मी मोबाईलने फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे. कधी कधी उघडून बघते, आकडा बदलला असेल असं उगाच वाटतं.

अकरा वाजून बारा मिनिटांनी एकोणतीस म्हणजे काय, ते सांगते. साखर सत्तरच्या खाली गेली की धोका सुरू होतो. तेव्हा ग्लुकोज मिळालं असतं तर तो माणूस त्या दिवशी दुपारी स्वतःच्या पायांनी घरी गेला असता.

आणखी एक गोष्ट. चार नंबरच्या पायथ्याशी त्याच्या बोटावरून सुटलेली ती चिकटपट्टी पडली होती. मी उचलली. तिचं एक टोक आत दुमडलेलं होतं. सोडवताना नख लावायला लागू नये, पेशंटचा केस ओढला जाऊ नये म्हणून मी असं करते. आमच्या दवाखान्यात दुसरं कुणीही करत नाही. पूजा चेष्टा करते माझी, “सिस्टरची पट्टी लगेच ओळखू येते.” मी तिथेच चार नंबरवर बसले. पहिल्यांदाच बसले असेन त्या कॉटवर.

अधीक्षकांनी चौकशी केली. मी ठरवून गेले होते की खरं सांगायचं. सांगितलं, “सर, मी साखर तपासली नव्हती.” त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. त्यावर माझ्याच हाताची खूण, सकाळच्या चहाबरोबर केलेली – साखर तपासली, हो. ते म्हणाले, “सिस्टर, कागद पूर्ण आहे. तुम्ही दमला आहात. जास्त बोलू नका.” मी मशीनचा फोटो दाखवला. ते तो मोठा करून बघत म्हणाले, “मग तपासली होती की. अडचण काय आहे?” अडचण ही होती. तपासली नाही म्हणावं तर मशीन मला खोटं पाडतं. तपासली म्हणावं तर एकोणतीस बघून मी पाठ फिरवली असा अर्थ होतो. मी मोबाईल खिशात टाकला आणि उठले. चौकशी मिटली.

मीही कदाचित हळूहळू मिटवून टाकलं असतं. कामाच्या ताणात मलाच आठवत नसेल, एखादं मिनिट गेले असेन, असं मनाशी ठरवत आले होते. पण साधारण पंधरा दिवसांनी सरूआजी आल्या. दम्याच्या पेशंट, त्या दिवशी एक नंबरवर वाफ घेत होत्या. त्या मी विसरलेच होते. एक नंबर चार नंबरच्या बरोबर समोर येतो. मी त्यांना औषध देत होते तर त्यांनीच विचारलं, “बाई, त्यो मानूस बरा झाला का वं? साखर गेल्ती त्याची?”

मी विचारलं, “आजी, साखर गेली होती हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुनी म्हंजे? तुमीच की.” त्या माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागल्या. “तुमी न्हाई का त्याचं बोट टोचलं? मशीन बघितलं आन् वरडला की, साखर गेलीया, साखर गेलीया, कुनी तरी या म्हनून. किती येळ वरडत हुत्या. मला तर बाई कसंतरीच झालं. म्हनलं येवढी बोंबलतीया, तर त्या तिकडल्या कुनाला ऐकू कसं जाईना? कुनी मान बी वर केली न्हाई.”

“तिकडे म्हणजे कुठे, आजी?”

“त्या मांडी फुटलेल्यापाशी. डाक्टर हुते, मामा हुता, एक नर्स हुती पाठमोरी.”

“ती नर्स कोण होती?”

“मला काय ठावं? तोंड कुठं दिसलं तिचं?” मग आपणहून म्हणाल्या, “तुमी माझ्याकडं बी आल्या की. डोळ्यांत पानी हुतं तुमच्या. म्हनला, आजी, तुमी तरी सांगा तिला. पन माझ्या तोंडाला ती वाफंची पिशवी. मी बोलू कशी? मी हात केला, व्हय, दोनदा केला. कुनी बघितलं न्हाई.”

आजींना यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी एक नर्स ओरडत होती आणि बाकीचे ऐकत नव्हते, इतकंच. दवाखान्यात असं चालतंच, असा त्यांचा भाव होता. मी त्यांना परत विचारलं, नक्की मीच होते का? त्या म्हणाल्या, “आता तुमचं तोंड मी वळखत न्हाई व्हय?”

‘आजी, तुमी तरी सांगा तिला.’ त्यांना नाही, सरांना नाही. तिला. माझ्या कानांतून हे शब्द अजून जात नाहीत.

भानुदास दोन महिने नगरला होता, आता घरी आहे. नाकातून नळी, लघवीची पिशवी. डोळे उघडतो, मिटतो. मी सुट्टीच्या दिवशी जाते, नळी बदलते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर कसं वळवायचं ते मंगलला शिकवलंय. ती मला चहा करते. मी तो पिते. मागच्या खेपेला तिने मला विचारलं, “सिस्टर, खरं सांगा. येळंवर कळलं असतं तर उठले असते का वं?”

मी म्हटलं, “हो.”

“मंग कळलं कसं न्हाई?”

काय सांगू तिला? कळलं होतं. मलाच कळलं होतं, अकरा वाजून बारा मिनिटांनी. मी ओरडले आणि मीच वळून बघितलं नाही. हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी भानुदासची पिशवी उगाचच सारखी केली आणि उठले.

आता मी प्रत्येकाची साखर बघते. वास येवो न येवो. पूजालाही सांगितलं, चार नंबरवरच्या माणसाला आधी विचारायचं, हात लावायचा, मग बाकीचं. ती “हो सिस्टर” म्हणाली. परवा मी साहित्याच्या खोलीत होते. बाहेर पूजा नव्या मुलीला काम समजावत होती. “साळवे सिस्टर त्या केसपासून जरा घाबरल्यात, तू एवढं मनावर घेऊ नको. आधी नाकानं बघायचं.” माझाच आवाज होता तो, मी पूजाला दिलेला. मी बाहेर येऊन पुन्हा सगळं समजावलं. दोघींनी मान हलवली. टेबलावर फॉर्मचा गठ्ठा होता, खुणा करून ठेवलेला.

तुमच्यापैकी कुणी डॉक्टर, मानसोपचारवाले असतील तर सांगा. मशीन बिघडलं, आजींना भास झाला, मलाच विस्मरण झालं – ही तिन्ही उत्तरं मी स्वतःला देऊन पाहिलीत. एकेकटी चालतात, तिन्ही एकत्र चालत नाहीत. माझे वडील असते तर त्यांनी पत्ता विचारला असता, आणि मला माझाच द्यावा लागला असता.

हल्ली गर्दीच्या वेळी, हातात काम असताना मी मध्येच थांबते आणि चार नंबरकडे वळून बघते. सर रागावतात. मी कान देऊन ऐकते. काहीच ऐकू येत नाही. पण त्या दिवशी तरी कुठे आलं होतं?